देवाला आवडला, म्हणून नेला?

मरणाविषयी थेट बोलणे टाळता यावे म्हणून मराठीने आपल्याला शब्दांची मोठीच शिदोरी दिली आहे. कोणी कैलासवासी होतो, कोणी वैकुंठवासी. कोणाला देवाज्ञा होते, कोणी देवाघरी जातो. लहान मूल दगावले तर 'देवाला आवडले' असे म्हणून आपण एकमेकांचे सांत्वन करतो. मोठ्यांच्या जगात हे शब्द चालून जातात, कारण त्यांचा शब्दशः अर्थ कोणीच घेत नाही. चार-पाच वर्षांचे मूल मात्र तो शब्दशःच घेते. म्हणून आम्ही स्पष्टच म्हणतो: आपल्या कॅथलिक घरांत मुलांना स्वर्गाविषयी जे सांगितले जाते त्यातले पुष्कळसे ख्रिस्ताच्या शुभवर्तमानातले नाही, आणि काही तर त्याच्या थेट विरुद्ध आहे.

मिरजेत हा प्रश्न पुस्तकी नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी येथे रुग्णालय सुरू केले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातून रोगी या गावी येत राहिले. अशा गावातल्या मुलापासून मरण लपवून ठेवता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर त्याने पाहिला. पुढे करोनाच्या दिवसांत कित्येक नातवंडांना आजी-आजोबांचे अंत्यदर्शनही घडले नाही. शिवाय आपण येथे थोडे आहोत. शेजारची आजी 'देवाघरी गेले' म्हणते, दर्ग्याकडचे चाचा 'अल्लाला प्यारे झाले' म्हणतात, प्रॉटेस्टंट स्नेही 'प्रभूमध्ये झोपी गेले' म्हणतात. हे सारे प्रेमाचेच बोल आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आपल्याशीच आहे. आपल्याजवळ मुलाला सांगण्यासारखे काही वेगळे आहे की नाही?

'देवाला आवडला' हेच वाक्य घ्या. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण शिकवतो की आज्ञाधारक मुले देवाला आवडतात. सोमवारी घरात मरण आले की सांगतो, 'तो देवाला आवडला, म्हणून देवाने त्याला नेले.' मुलाने या दोहोंची बेरीज काय करावी? चांगले वागण्याची धास्ती घ्यावी, हेच ना? शुभवर्तमानातला येशू मात्र मुले नेत नाही, परत देतो. याईराची मुलगी त्याने आईबापांच्या स्वाधीन केली, नाईन गावच्या विधवेचा मुलगा आईला परत दिला, आणि लाजरच्या कबरेपाशी तो रडला. कोणी म्हणेल, ज्ञानग्रंथात अकाली गेलेल्या नीतिमानाला देवाने प्रिय म्हणून उचलून घेतल्याचे वर्णन आहे. आहे खरे. पण अल्पायुष्य म्हणजे देवाचा कोप असे मानणाऱ्या मोठ्यांना दिलेले ते उत्तर आहे. आणि मरण ही देवाची निर्मिती नव्हे, हे त्याच ग्रंथाने आधी बजावले आहे. ही आधीची ओळ गाळून पुढची मुलाच्या गळी उतरवणे हा धर्मग्रंथावरही अन्याय आहे आणि मुलावरही.

दुसरे वाक्य 'आजी झोपली आहे' हे. येथेही आक्षेप ठरलेला असतो: मुलगी झोपली आहे असे खुद्द येशूच म्हणाला नाही का? म्हणाला, कारण पुढच्याच घटकेला तो तिला उठवणार होता. आद्य ख्रिस्ती लोकांनीही आपल्या दफनभूमीला 'झोपण्याची जागा' याच अर्थाचा ग्रीक शब्द योजला, पण तो पुनरुत्थानावर ठाम विश्वास असलेल्या प्रौढांचा शब्द होता. बुडापेस्टमधील मुलांचा एक अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालील मुले मरणाला प्रवासासारखे किंवा झोपेसारखे समजतात, त्यातून परत येता येते असे मानतात, असे त्यात दिसून आले. ज्या गैरसमजातून मुलाला हळूहळू बाहेर काढायचे, तोच आपण आपल्या तोंडाने पक्का करतो. आणि मग रात्री दिवा मालवल्यावर ते का रडते, याचे नवल करतो.

तिसरी गोष्ट 'तो देवदूत झाला' किंवा 'तारा झाला' ही. ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत निःसंदिग्ध आहे. देवदूत हे स्वतंत्र, अशरीरी जीव आहेत. माणूस मरून देवदूत होत नाही, माणूसच राहतो. हा पंडिती काथ्याकूट नव्हे. मुलाला पंख फुटलेला अनोळखी भाऊ नको असतो, त्याला आपलाच भाऊ हवा असतो, आणि आपली श्रद्धा त्याला तोच देऊ करते. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण दर रविवारी शरीराच्या पुनरुत्थानाची ग्वाही देतो. पवित्र मारिया आत्म्याने व शरीराने स्वर्गात घेतली गेली, हा सिद्धांत बाराव्या पायस पोपमहोदयांनी १९५० साली घोषित केला. दर १५ ऑगस्टला झेंडावंदनाबरोबरच आपली मुले तो सणही पाळतात. त्या दिवशी किती घरांत मुलांना सांगितले जाते की मारियेला जे मिळाले त्याचीच आशा आपण आजीसाठीही धरतो?

आता त्याहून गंभीर गोष्ट. स्वर्ग हा आपल्या घरात खाऊ आणि छडी असा दुहेरी उपयोगाचा झाला आहे. 'खोटे बोललास तर स्वर्गात जाणार नाहीस', 'देव वहीत लिहून ठेवतो.' हा पुण्याचा जमाखर्च कोठून आला? 'स्वर्ग' हा शब्द आपण ज्या परंपरेतून घेतला, तिच्यात तो पुण्याईने मिळतो आणि पुण्य सरले की तेथून खाली यावे लागते. म्हणूनच त्या परंपरेतील थोरांनीही स्वर्गाला अंतिम ध्येय न मानता मोक्षाची वाट धरली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोल येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त 'वैकुंठ' हा शब्द निःसंकोच वापरला. शब्द इथला घेतला आणि त्यात आशय ख्रिस्ताचा भरला. आपण नेमके उलटे करतो: ख्रिस्ताचे नाव घेतो आणि आशय हिशेबाच्या वहीचा ठेवतो. पापपुण्याचा विवेक मुलाला शिकवलाच पाहिजे, यात वाद नाही. परंतु ज्या चोराजवळ जमेला काही नव्हते, त्यालाच क्रुसावरून नंदनवनाचे वचन मिळाले, हेही त्याच मुलाला कळले पाहिजे.

या हिशेबाचा सर्वांत क्रूर परिणाम प्रसूतीच्या खाटेवर दिसतो. बाप्तिस्म्याआधीच बाळ गेलेल्या मातेला 'त्याला देवाचे दर्शन नाही' असे सांगणारी वडीलधारी माणसे अजूनही भेटतात. आणि कोपऱ्यात उभी असलेली थोरली बहीण ते ऐकत असते. 'लिंबो'ची ती कल्पना कधीच श्रद्धासिद्धांत नव्हती. १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथाने अशा बालकांना देवाच्या करुणेच्या हवाली केले, आणि २००७ साली ख्रिस्तसभेच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला सबळ आधार असल्याचे प्रतिपादन केले. ख्रिस्तसभा आशा धरते, तेथे आपण निराशा वाटत फिरावे काय?

'पण मुले लहान आहेत, त्यांना काय कळते?' हा शेवटचा बचाव. दहाव्या पायस पोपमहोदयांनी १९१० साली आज्ञापत्र काढून सुमारे सातव्या वर्षी, जाणतेपण आले की, मुलाला ख्रिस्तशरीर द्यावे असे ठरवले. हे ख्रिस्तशरीर म्हणजे स्वर्गीय मेजवानीची पूर्वचव, येणाऱ्या गौरवाची हमी. पांढऱ्या कपड्यांतल्या सात वर्षांच्या मुलाच्या जिभेवर आपण स्वर्गाची हमी ठेवतो आणि आजीच्या दफनाच्या वेळी त्यालाच शेजाऱ्यांकडे धाडतो! त्याहून लहान मुलालाही, त्याला पेलेल तेवढे, खरेच सांगता येते.

मग सांगावे काय? थोडे, साधे आणि खरे. 'आजी मरण पावली. तिचे शरीर आता श्वास घेत नाही, त्याला दुखत नाही. आपण तिला मातीत ठेवणार आहोत. येशूही मरण पावला होता, त्यालाही कबरेत ठेवले होते, आणि देवाने त्याला उठवले. तो आजीला नावाने ओळखतो. आपण तिच्यासाठी प्रार्थना करू. तो एक दिवस तिला उठवील, आपल्यालाही उठवील.' 'स्वर्ग कसा दिसतो?' असे मुलाने विचारले तर चित्रे रंगवू नयेत. ते आपल्याला ठाऊक नाही, तेथे कोण आहे एवढे ठाऊक आहे, असे सांगावे. आणि रडू आले तर रडू द्यावे, आपणही त्याच्या देखत रडावे. लाजरला उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू रडला.

उपमाच हवी तर संत पौलाने पेरलेल्या दाण्याची दिली आहे. मिरजेच्या मुलाला दुसरी दारातच सापडेल. येथल्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती वाद्ये भोपळ्यापासून घडतात. वेलीवरून तोडलेला, वाळलेला, आतून रिकामा झालेला तो भोपळा पाहून त्यातून पुढे काय निघेल याची अटकळ कोणाला येते? पण कारागिराला ते ठाऊक असते. उपमा येथेच थांबवावी, कारण पुनरुत्थान ही कारागिरी नव्हे, देवाची देणगी आहे.

खरी अडचण मुलांची नाहीच. मुलाला शुभवर्तमान सांगायचे तर आधी ते आपल्याला खरे वाटावे लागते. गोड थापा सोप्या पडतात, कारण त्यांवर आपला विश्वास असण्याची गरज नसते. येत्या २ नोव्हेंबरला मुलांना घरी ठेवू नका. त्यांचे बोट धरून दफनभूमीत चला, आजोबांच्या क्रुसापाशी मेणबत्ती त्यांच्याच हातून लावा, आणि 'आजोबा कुठे आहेत?' असा प्रश्न आला तर इकडेतिकडे न पाहता उत्तर द्या.