प्रयोगातला कर्ता

व्याकरण शिकवताना आम्ही 'मुलाने कप फोडला' आणि 'कप फुटला' ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी लिहितो. दुसऱ्या वाक्यात कपच कर्ता होतो आणि मूल सुटते. मानसशास्त्राचे संशोधक आपल्या पद्धतीतील दोषांविषयी जे बोलतात, त्यात हा फुटलेला कप आम्हांला वारंवार भेटतो.

२०१५ साली 'सायन्स' नियतकालिकात शंभर मानसशास्त्रीय अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा वृत्तान्त आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीवर लक्षणीय होते. पुनरावृत्तीत हे प्रमाण ३६ टक्के भरले. त्याला नाव मिळाले 'संकट'. संकट येते, कोसळते. ते कुणी करत नाही.

पण केले तर होतेच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दोन हजारांहून अधिक मानसशास्त्रज्ञांना विचारणा झाली होती. आधी निकाल डोकावून पाहिला आणि मग आणखी माहिती गोळा करायची की नाही ते ठरवले, अशी कबुली निम्म्याहून अधिक जणांनी दिली. अशा वर्तनाला या शास्त्रात 'शंकास्पद' म्हणतात. हवा तो कौल मिळेपर्यंत पुजाऱ्याने देवाला पुन्हापुन्हा कौल लावला, तर गावकरी त्याला शंकास्पद म्हणून थांबतील काय? (आमच्या विषयातले प्रबंधही 'असे आढळून येते' या वाक्यांनी भरलेले असतात. कुणाला आढळले, हे आम्हीही क्वचितच विचारतो.)

दोष दाखवणाऱ्यांना मात्र कर्तेपद तत्काळ मिळते, तेही विशेषणासकट. २०१६ साली सुझन फिस्क या ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञांनी एका लेखाच्या मसुद्यात टीकाकारांसाठी 'पद्धतीचा दहशतवाद' अशी शब्दयोजना केली. छापील लेखात ती राहिली नाही. समाजमाध्यमांवर व्यक्तिगत चिखलफेक होते, ही त्यांची तक्रार आम्ही खोटी मानत नाही. पण आकडे पुन्हा तपासणे आणि चिखल फेकणे यांना एकाच शब्दात कोंबले, की तपासणाराच आरोपी ठरतो.

दोष व्यवस्थेचा आहे, हेही नेहमी ऐकू येते. नकारात्मक निष्कर्ष नियतकालिके सहसा छापत नाहीत, हे खरेच. पण त्या नियतकालिकांचे संपादक आणि परीक्षक याच मंडळींतून येतात.

याच २०१६ साली डेना कार्नी यांनी एक जाहीर निवेदन केले. रुबाबदार पवित्र्यात उभे राहिल्याने शरीरातील संप्रेरके बदलतात, असा गाजलेला निष्कर्ष त्यांनी दोघा सहकाऱ्यांसह २०१० साली ४२ जणांच्या अभ्यासावरून मांडला होता. त्या परिणामावर माझा आता विश्वास नाही, असे त्यांनी लिहिले. माणसे थोडीथोडी घेत आम्ही मध्येच निकाल पाहत होतो, हेही लिहिले. तिथे 'मी' होते आणि 'आम्ही'ही होते.