आधी केबल बघा!

मंडळी, आमचा जुना पिक्चर ट्यूबवाला मॉनिटर परवा अचानक पिवळा दिसू लागला. इथल्या गिरगावातल्या दुकानदाराने हातही न लावता नव्याची किंमत सांगितली. नातू म्हणाला, "आजोबा, टाकून द्या." का म्हणून? व्हीजीए केबलच्या १५ पिनांत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची पिन वेगवेगळी असते. निळ्याची निकामी झाली की पडदा पिवळा, हिरव्याची झाली की जांभळट. आमची निळ्याची वाकली होती. मशीन बंद करून चिमट्याने सरळ केली, झालं!

न तपासता फेकणं हा निव्वळ आळस, आणि त्याची किंमत दुसराच मोजतो. त्या ट्यूबच्या काचेत शिसं असतं; भंगारात ती फोडणाऱ्याच्या अंगात ते जातं. उत्तर चुकलं म्हणून मी कुणाची वही फाडली नाही. कुठली पायरी चुकली, ते शोधायला लावलं.