म्हणे साथ "आली"!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही जरा तावातावाने. मंडळींनी सांभाळून घ्यावं.

माझं भांडण एका वाक्याशी आहे: "गावात साथ आली". पाऊस येतो, पाहुणे येतात, तशी साथही येते म्हणे! या वाक्याचा कर्ता बघा. साथच आली, तीच पसरली, तीच ओसरली. यात विहीर कुठे आहे? फुटलेली पाइपलाइन? टीसीएल पावडर न टाकलेली टाकी? कुणाचा पत्ताच नाही.

दुसरा शब्द "लागण". लागण म्हटली की डोळ्यांसमोर माणूस येतो, ज्याच्याकडून ती लागली तो. गोवर, क्षय, कोविड यांना हा शब्द शोभतो. पण पटकी, विषमज्वर, पावसाळ्यातली कावीळ? ही दुखणी मुख्यतः मैला मिसळलेल्या पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात. लेप्टो तर उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून, पायाच्या जखमेवाटे शिरतो. माणसाकडून माणसाला सहसा होतच नाही. तरी सगळ्यांना आपली सरसकट "लागण". मग होतं काय, लोक आजाऱ्याचं घर टाळतात आणि पाणी मात्र त्याच विहिरीचं पितात!

1854 साली लंडनमध्ये पटकीने माणसं मरत होती आणि बडे डॉक्टर "खराब हवा" म्हणत बसले होते. जॉन स्नोने कोण कुठलं पाणी पितं ते विचारलं आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवलं. "मलेरिया"चा मूळ इटालियन अर्थही खराब हवाच. डास सापडून शंभरावर वर्षं झाली, नाव तेच!

गंमत म्हणजे मराठीत चांगला शब्द आहे. "पाणी बाधलं." परगावचं पाणी मानवलं नाही तरी हेच म्हणतात, हे मान्य. पण इथे कर्ता पाणी आहे. लगेच पुढचे प्रश्न येतात.. कुठलं पाणी? ओटी टेस्ट केली होती का? कुणी?

आणि आमच्या डोळखांबकडे, अख्ख्या शहापूर तालुक्यातच, हे प्रश्न अडचणीचे आहेत. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी पाजतेय, भातसाही पाजते. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. विहीर तळाला गेली की मिळेल ते पाणी भरायचं. पहिल्या पावसात वरची घाण उघड्या विहिरीत उतरते. आणि मग जुलैत आपण म्हणणार, साथ आली!

कुणी म्हणेल, शब्दांवरून कसलं भांडण? अहो, शब्दांवरूनच तर उपाय ठरतो. "साथ आली" म्हटलं की गोळ्या वाटायच्या आणि ती जायची वाट बघायची. "पाणी बाधलं" म्हटलं की विहिरीला कठडा बांधावा लागतो. गोळ्या हव्यातच, पण पुढच्या जुलैचं काय?

तेव्हा गावाहून फोन आला आणि कुणी "साथ आलीय" म्हणालं, तर एवढंच विचारा: कशातून?

बघा पटतंय का.