पेटीतून आलेली सायकल

गेल्या महिन्यातील उधारीवरील लेख वाचून अनेक वाचकांचे दूरध्वनी आले. त्यांत सायकलविक्रीच्या घरातील एका तरुणाचा प्रश्न वेगळा होता. "काका, ऑनलाइन मागविलेली सायकल जोडून घेण्यासाठी लोक आमच्याकडे येतात. नफा दुसऱ्याचा, हात काळे आमचे! मी परत पाठवतो, तर बाबा रागावतात."

मी बाबांच्या बाजूचा आहे. मात्र एका अटीवर.

हँडल व पुढचे चाक घरी बसविता येईलही. परंतु चाकाचा आउट काढणे, गिअर लावणे हे मिस्त्रीचेच काम. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. जोर लावून क्रँकच खराब करून आणतात. शिवाय नव्या केबल काही आठवड्यांतच सैल पडतात. म्हणजे हा ग्राहक पुन्हा येणारच. तो आपल्या दारी यावा की दुसऱ्याच्या, एवढाच प्रश्न उरतो.

अट अशी, की मजुरी पूर्ण घ्यावी आणि तिचा फलक दर्शनी लावावा. पहिली सर्व्हिस विनामूल्य, ती केवळ आपल्याकडून सायकल घेणाऱ्यास. हा भेद ग्राहकाला न रागावता दिसू द्यावा.

बँकेत असताना मला हे उमगले नव्हते. एका दुकानदाराने दुरुस्तीच्या शेडसाठी व हत्यारांसाठी कर्ज मागितले. मी फक्त मालसाठा पाहून शिफारस केली आणि शेडचा भाग वगळला. पुढे तपासणीस गेलो, तेव्हा महागड्या गिअरच्या सायकलींवर धूळ होती आणि ट्यूब, चेन, ब्रेक-रबर रोज खपत होते. ओव्हरऑइलिंगसाठी आलेल्या सायकली रस्त्यापर्यंत उभ्या होत्या. त्यांनी मला चहा पाजला, तक्रार केली नाही. ती गोष्ट आजही मनाला लागते.

त्यांच्याकडे एक वही होती. मुलाचे नाव, उंची, चाकाचे माप, तारीख. १६ इंची सायकल नेलेल्या मुलाला काही वर्षांत २० इंची लागते, मग २४. वेळ आली की ते स्वतः घरी निरोप धाडीत आणि जुनी सायकल रास्त भावात परत घेत. कोणती सवलत याच्यापुढे टिकेल?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा ज्यांनी जुन्या मालाचा भाव न विचारताच उतरविला, त्यांनाही ग्राहक विसरलेले नाहीत.

त्या तरुणाला मी इतकेच सांगितले, "आधी फलक रंगवून घे. वही बाबांकडे असेलच, ती मागून घे."