थंड प्लग, पण किती?

रिमॅप करून आलेल्या टर्बो पेट्रोल गाडीत डोळे झाकून दोन पायऱ्या थंड प्लग बसवायचे, अशी एक रीत आपल्या धंद्यात रुजू लागली आहे. ‘बूस्ट वाढवलाय ना, मग प्लग थंडच पाहिजे,’ हे म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याची किंमत गिऱ्हाईक मोजतं, कधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलून, कधी पिस्टन बदलून.

हीट रेंजचा ठिणगीच्या जोराशी संबंध नाही. टोकाशी आलेली उष्णता प्लग किती लवकर हेडकडे काढून देतो, एवढंच तो आकडा सांगतो. इन्सुलेटरचं नाक लांब असलं की उष्णतेला बॉडीपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि टोक तापलेलं राहतं. तो गरम प्लग. नाक आखूड तो थंड. टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर असलं तर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. ८५०च्या आसपास पोचलं की प्लग ठिणगीची वाट न बघता स्वतःच मिश्रण पेटवायला लागतो. एका पायरीने टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी बदलतं. म्हणजे दोन पायऱ्या उतरणारा मेकॅनिक वापरायोग्य पट्ट्याचा जवळजवळ अर्धा भाग एका झटक्यात सोडून देतो.

हीट रेंजचा आकडा ठरवायची एसएईची जुनी पद्धत टर्बोवर काम करणाऱ्यांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. सुमारे २९० सीसीच्या एक सिलिंडरी चाचणी इंजिनात प्लग बसवायचा आणि प्री-इग्निशन सुरू होईपर्यंत सुपरचार्जिंगचा दाब वाढवत न्यायचा. बूस्टखाली प्लग कुठवर टिकतो, हेच तिथे मोजलं जातं. दुर्दैवाने त्यावरून छापले जाणारे आकडे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने लावले. एनजीके आणि डेन्सोत आकडा मोठा तर प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलट. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २० आणि बॉशचा ७, असं ढोबळ कोष्टक आहे. त्यात जुन्या मेकॅनिकांच्या हाताला मायकोच्या काळातले डब्ल्यू १७५, डब्ल्यू २२५ हे आकडे बसलेले, जिथे मोठा आकडा थंड होता. तेव्हा काउंटरवर ‘एक नंबर वरचा द्या’ असं म्हणू नये, कंपनीचं नाव घेऊन पूर्ण पार्ट नंबर मागावा. कोष्टकावरून कंपनी बदलताना तर रीच, सीट आणि टोक किती पुढे आलंय हेही जुळवून घ्यावं.

आता मुख्य प्रश्न: किती थंड? एनजीकेचा एक ढोबळ नियम सगळीकडे फिरतो, ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढली की एक पायरी थंड. या नियमाने पाहिलं तर आपल्याकडच्या स्टेज वन गाड्यांना प्लग बदलायची गरजच उरत नाही. चाकणला तयार होणाऱ्या एक लिटरच्या टीएसआय गाडीचे ११५ पीएस रिमॅपनंतर दीडशेच्या घरात गेले, तरी वाढ पस्तिसाचीच. पण नियमात सिलिंडर किती ते सांगितलेलं नाही. आठ सिलिंडरांच्या इंजिनात शंभराची वाढ म्हणजे दर सिलिंडरमागे साडेबारा. आपल्या तीन सिलिंडरांत पस्तीस म्हणजे दर सिलिंडरमागे पावणेबारा, तेही अवघ्या ३३३ सीसीच्या भांड्यात. आमच्या मते हिशेब असा सिलिंडरमागे करावा. तो केला की स्टेज वनला एक पायरी थंड, हे उत्तर येतं. दोन पायऱ्यांचा विचार टर्बो बदलला, इंधनाची व्यवस्था बदलली किंवा गाडी ट्रॅकवर सलग पळणार असेल तरच.

गाडी कुठे चालणार, हे बूस्टच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं. बोरघाट किंवा कसारा भरल्या गाडीने चढताना टर्बो मिनिटामागून मिनिट दाब देत असतो, तिथे टोक खरं तापतं. तीच गाडी आठवडाभर हिंजवडीच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असेल, तर थंड प्लगचं टोक ४५०पर्यंत पोचतच नाही. काजळी साठते, ठिणगी गॅप सोडून काजळीवरून घसरते, गाडी मिसिंग करते आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. शंका असेल तर प्लग काढून टर्मिनल आणि बॉडी यांच्यामधला रोध मेगरने पाहावा. धडधाकट प्लग १० मेगाओहमच्या वर दाखवतो.

पण मिसिंगचं खापर दर वेळी हीट रेंजवर फोडू नये. दाब वाढला की गॅपमधली हवा दाट होते आणि तीच ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण बूस्टवर गाडी अडखळत असेल तर आधी गॅप तपासा. ०.८चा गॅप ०.६५वर आणला की बहुतेकदा काम होतं. न झालं तर कॉइल पाहा. इरिडियमच्या बारीक टोकावर मात्र पाना टेकवू नका. बाहेरची पट्टीच अलगद वाकवायची.

नॉकिंग आणि प्री-इग्निशन यांची गल्लत तर रोजची. नॉकिंग ठिणगीनंतर होतं. नॉक सेन्सर ते ऐकतो, ईसीयू टायमिंग मागे घेतो, इंजिन वाचतं. प्री-इग्निशनमध्ये मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटलेलं असतं, त्यामुळे टायमिंग मागे घेऊन उपयोग शून्य. पिस्टनला भोक पडायला अशा मोजक्या फेऱ्या पुरतात. म्हणून मूळ प्लगवरच बूस्ट चढवत नेणंही तितकंच धोक्याचं. कमी आरपीएमवर जोर देताना होणारं एलएसपीआय, म्हणजे लो-स्पीड प्री-इग्निशन, ही तिसरी भानगड. तिथे बहुधा तेलाचे थेंब दोषी असतात आणि प्लग कितीही थंड केला तरी ते थांबत नाही. त्यासाठी एपीआय एसपी दर्जाचं तेल भरावं. २०२०मध्ये आलेल्या या दर्जात एलएसपीआयची चाचणी आहे.

पंपांवर ई-२० आल्यापासून एक भर पडली आहे. इथेनॉलचं बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, म्हणून नॉकिंग कमी होतं आणि ट्यूनरला टायमिंग पुढे घ्यायचा मोह होतो. टायमिंग पुढे गेलं की प्लगचं टोक तापतं. शिवाय तापलेल्या पृष्ठभागावरून पेट घ्यायला इथेनॉल पेट्रोलपेक्षा तयार. नॉकिंग ऐकू येत नाही म्हणजे सगळं ठीक, हा हिशेब ई-२०वर लावू नये.

निर्णयाचा पुरावा प्लगवरच असतो, पण तो वाचायची वेळ चुकते. डायनोवर पूर्ण लोड देऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करावं आणि मग प्लग काढावा. शहरातून फेरी मारून आणलेल्या प्लगवर आयडलिंगची काजळी बसते आणि सगळं झाकलं जातं. भिंग लावून आधी पोर्सिलीन पाहा. मिऱ्याच्या पुडीसारखे काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर नॉकिंग सुरू आहे आणि चंदेरी कण तुमच्या पिस्टनचे आहेत. तिथे प्लग बदलण्याआधी टायमिंग आणि लॅम्बडा दुरुस्त करा. पोर्सिलीन पांढरंफटक, चकाकी गेलेलं, फोड आलेलं असेल तर टोक खरंच जास्त तापलं आहे. बाहेरच्या पट्टीवर रंग पालटल्याची रेघ शोधा. ती वळणाच्या आसपास असेल तर बरं. पट्टी बुडापर्यंत रंगली असेल तर उष्णता जास्त आहे. हे सगळं नीट घट्ट केलेल्या प्लगवरच खरं. ढिला प्लग उष्णता हेडकडे देऊच शकत नाही, मग डब्यावर कुठलाही आकडा असो. १२ मिलिमीटर आट्यांना अॅल्युमिनियम हेडमध्ये १५ ते २० न्यूटन-मीटर, १४ मिलिमीटरला २५ ते ३०, आटे कोरडे.

या तपासणीला वेळ लागतो आणि तो बिलात लावायला आपण कचरतो. आमची सूचना आहे की रिमॅपच्या दरातच प्लगची एक तपासणी धरावी, साधारण हजार किलोमीटरनंतरची. फाइल देणाऱ्या ट्यूनरकडून ती कुठल्या प्लगवर आणि किती गॅपवर बसवली आहे, हे लेखी मागून घ्यावं आणि जॉबकार्डावर पूर्ण पार्ट नंबर उतरवावा, म्हणजे पुढच्या सर्व्हिसला दुसरा कोणी कंपनीचा मूळ प्लग टाकून मोकळा होणार नाही.