चायना ग्रासमध्ये वाढलेल्या पेशी

आमच्या चाळीतल्या एका काकूंची केमो चालू आहे. तिसऱ्या डोसाला गेल्या, तर रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "पांढऱ्या पेशी उतरल्यात, आठ दिवसांनी या." घरी रडारड झाली. दुखणे हाताबाहेर गेले, असाच सर्वांनी अर्थ काढला. पुढे पाच दिवस कातडीखाली रोज एक इंजेक्शन दिले आणि पेशी चढल्या. हे इंजेक्शन आले कुठून, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आधी पेशी का उतरतात ते पाहू. भराभर वाढणाऱ्या पेशी मारणे हे केमोच्या बहुतेक औषधांचे काम. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण आपल्या हाडांतला मगजही रात्रंदिवस नवे रक्त घडवीत असतो. तोही त्या माऱ्यात सापडतो. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात फार काळ टिकत नाहीत, म्हणून त्यांचा तुटवडा आधी दिसतो. काकूंच्या पेशी उतरल्या त्या औषधाने. रोग वाढला म्हणून नव्हे.

या पांढऱ्या पेशी मगज कोणाच्या हुकमाने घडवितो? १९६०च्या सुमारास हे कोणाला सांगता येत नव्हते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी डोनाल्ड मेटकाफ नावाचे डॉक्टर १९५४पासून कर्करोग निवारण निधीच्या पगारावर काम करीत होते. संस्थेचे संचालक बर्नेट पुढे नोबेल मिळविलेले, पण कर्करोगाच्या संशोधनातून काही हाती लागेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. मेटकाफना जागा मिळाली ती प्रयोगाचे उंदीर ठेवतात त्या इमारतीत!

त्याच शहरातले रे ब्रॅडली पेशी अगरमध्ये वाढवीत होते. अगर म्हणजे आपण वाण्याकडून आणतो ते चायना ग्रास. त्याच्या पातळ जेलीत उंदराच्या मगजातल्या पेशी कालवल्या, तर काही दिवसांनी पेशींचे पुंजके दिसू लागले. नुसत्या द्रवात पेशींची लेकरे पांगतात, कोण कोणाचे ते कळत नाही. जेलीत एका पेशीची लेकरे-नातवंडे जागच्या जागी राहतात. एक पुंजका म्हणजे एक कुटुंब. मोजणी सोपी झाली. १९६५-६६ साली मेलबर्नमध्ये आणि स्वतंत्रपणे इस्राएलमध्येही हे प्रयोग छापून आले.

आणखी एक गोष्ट दिसली. जेलीखाली दुसऱ्या पेशींचा थर असला तरच पुंजके धरत, नाहीतर मगजातल्या पेशी मरून जात. म्हणजे त्या थरातून काही तरी झिरपत होते. तोच हुकूम! १९७०मध्ये माणसाच्या मगजातूनही असे पुंजके वाढविता आले. त्यांना दहा ते चौदा दिवस लागतात.

मग रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यांचा मगज त्याच जेलीत घातला. निरोगी मगजाचे पुंजके मोठे, त्यांत पक्व पेशी. अनेक रोग्यांच्या पेशी मात्र लहान लहान झुबके करून थांबत, पक्व होत नसत. आणि आश्चर्य असे, की वाढण्यासाठी त्यांनाही तोच पदार्थ लागे. कर्करोगाची पेशी अगदीच बेलगाम असते, ही समजूत तेथे ढासळली. म्हणूनच रक्ताच्या कर्करोगात हे इंजेक्शन केव्हा द्यावे हे डॉक्टर फार जपून ठरवितात. शेजाऱ्याने घेतले म्हणून आपण मागू नये.

तो पदार्थ शुद्ध करण्यात वर्षे गेली, कारण तो शरीरात कणभरच असतो. त्याचे चार प्रकार निघाले. १९८६मध्ये त्यांतल्या एकाचे माणसातील जनुक सापडले. ते जीवाणूत घालून औषध तयार झाले, आणि १९९१ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आता ते आपल्या देशातही बनते. मेटकाफ २०१४मध्ये वारले. पगार शेवटपर्यंत त्याच निधीतून.

काकूंची कंबर आणि मांड्या त्या पाच दिवसांत फार दुखल्या. पुष्कळांना असे होते, ते डॉक्टरांना सांगावे. पण ताप वेगळा. केमोनंतर अंगात १००.४ अंश ताप भरला, तर सकाळची वाट पाहू नये, घरची गोळी देऊन तो दाबू नये. केमोची फाईल घेऊन त्याच घटकेला दवाखाना गाठावा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. काकूंच्या सुनेने थर्मामीटर आणून उशाशी ठेवला आहे. फाईल दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत टांगलेली असते.