३१ डिसेंबरच्या आत रिटर्न दुरुस्त करा

हा इशारा आहे आणि तो इशारा म्हणूनच वाचावा. निर्धारण वर्ष २०२५-२६ चं आयकर रिटर्न ज्यांनी एजंटाकडून भरून घेतलं, ज्यांचा रिफंड अजून पडलेला नाही आणि ज्यांनी आपलं रिटर्न एकदाही स्वतः उघडून पाहिलेलं नाही, अशा प्रत्येक नोकरदारासाठी तो आहे. तुमच्या हातात ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचा वेळ आहे. १ जानेवारीला माझ्या टेबलासमोर बसून कितीही गयावया केलीत तरी मी काही करू शकणार नाही. ती वाट कायद्यानेच बंद झालेली असेल.

१६ सप्टेंबरला रिटर्नची मुदत संपली, तेव्हापासून कर सल्लागार म्हणून माझ्याकडे एकच विचारणा येते आहे: रिफंड कधी पडणार? त्याआधी तो का थांबलाय हे विचारा.

साधी कारणं आज रात्रीच तपासून टाका. रिटर्न अपलोड केल्यावर ३० दिवसांत ते आधार ओटीपीने किंवा नेटबँकिंगने ई-व्हेरिफाय करावं लागतं. ते राहिलं असेल तर बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात (सीपीसी) तुमच्या रिटर्नला कुणी हातही लावणार नाही. पोर्टलवरचं बँक खातं व्हॅलिडेट झालेलं हवं. देना, विजया, सिंडिकेट, कॉर्पोरेशन या बँका विलीन होऊन वर्षं लोटली, तरी काहींनी जुनाच आयएफएससी कोड ठेवलाय. रिफंड निघतो आणि परत जातो. मग खातं दुरुस्त करून ‘री-इश्यू’ची विनंती टाकल्याशिवाय तो पुन्हा निघत नाही. पॅन आधारशी जोडलेलं नसल्यामुळे निष्क्रिय असेल तर रिफंड थांबतो आणि त्या काळाचं व्याजही बुडतं. मागच्या एखाद्या वर्षाची थकबाकी तुमच्या नावावर असेल तर आयकर खातं कलम २४५ खाली कळवून ती रिफंडातून वळती करून घेतं. उत्तर द्यायला २१ दिवस मिळतात. ती थकबाकी मुळातच चुकीची असली तरी तुम्ही गप्प राहिलात की ती मान्य केली असं धरतात.

हे सगळं ठीकठाक आहे आणि तरीही ‘अंडर प्रोसेसिंग’ हटत नाही, अशांनी आता नीट वाचा. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे अध्यक्ष रवी अग्रवाल यांनी नोव्हेंबरमध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की, चुकीच्या वजावटींची शंका असलेल्या रिफंडांची छाननी चालू आहे. हे अचानक घडलेलं नाही. १४ जुलै २०२५ रोजी खात्याने देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. कमिशनवर मोठा रिफंड काढून देणाऱ्या टोळ्यांवर ती कारवाई होती. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपणहून मागे घेतल्याचं खात्याने त्याच दिवशी जाहीर केलं. ते लोक वेळीच शहाणे झाले. तुम्ही अजून एजंटाला फोन लावत बसला आहात आणि तो फोन उचलत नाही.

एका शिक्षकाचं रिटर्न परवा माझ्यासमोर उघडलं. सोळा नंबर फॉर्ममध्ये ज्यांचा पत्ताही नाही अशा तीन वजावटी त्यात होत्या. राजकीय पक्षाला देणगी १,२०,०००, शैक्षणिक कर्जाचं व्याज ८५,०००, आरोग्य विमा २५,०००. घरात कुणी कर्ज काढून शिकलेलं नाही, विमा नाही, आणि देणगी दिलेला पक्ष कोणता हे गुरुजींना ठाऊक नाही. यंदापासून फॉर्ममध्ये कर्ज खात्याचा क्रमांक, कर्जमंजुरीची तारीख, विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक असे रकाने भरावे लागतात. कर्ज खात्याच्या रकान्यात एजंटाने गुरुजींच्याच मोबाइलचे दहा आकडे टाकले होते. हा खोटेपणा आता सरकारच्या संगणकात आकड्यानिशी, गुरुजींच्या पॅनवर नोंदला गेला आहे. एजंटाचं नाव कुठेच नाही.

हिशेब मांडून दाखवतो. २ लाख ३० हजारांच्या खोट्या वजावटींवर २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ४७,८४० रुपये कर बुडतो. उत्पन्नाची चुकीची माहिती दिली म्हणून कलम २७०ए खाली दंड लागला तर तो कराच्या २०० टक्के, म्हणजे ९५,६८० रुपये. मूळ कर धरून १,४३,५२० रुपये, आणि व्याज वेगळं. जाणूनबुजून खोटं विवरण दिल्याबद्दल कलम २७७ मध्ये सक्तमजुरीची तरतूद आहे. ‘साहेब, मला काही माहीत नव्हतं, सगळं त्यानेच भरलं’ हे उत्तर तिथे चालत नाही. फोनवर तुम्ही त्याला ओटीपी सांगितलात ना? तीच तुमची सही.

एक गोष्ट आत्ता, हा मजकूर बाजूला ठेवून करा. पोर्टलवर लॉगिन करा, माय प्रोफाइलमध्ये जा आणि ईमेलच्या जागी कुणाचा पत्ता आहे ते पाहा. तो तुमचा नसेल तर खात्याच्या नोटिसा तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. हे एजंट शेकडो रिटर्नसाठी तात्पुरते ईमेल उघडतात आणि हंगाम संपला की सोडून देतात. नोटिसा तिथे न उघडता पडून राहतात. उत्तराची मुदत मात्र चालूच असते. पासवर्डही माहीत नसेल तर आधार ओटीपीने तो बदलून घ्या. मग ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’मधून रिटर्न उतरवून घ्या आणि सोळा नंबर फॉर्म व वार्षिक माहिती विवरण (एआयएस) शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. पेंडिंग अ‍ॅक्शन्समध्ये काही आलंय का तेही बघा.

खोटं सापडलं तर कलम १३९(५) खाली दुरुस्त रिटर्न भरा. त्याला वेगळी फी नाही. खरा रिफंड उरत असेल तर तेवढा मिळेल, उलट कर निघाला तर व्याजासह भरा, आणि हे रिटर्नही ई-व्हेरिफाय करायला विसरू नका. ३१ डिसेंबर उलटल्यावर १ एप्रिलपर्यंत थांबून अपडेटेड रिटर्नच भरावं लागेल. त्यात रिफंड मागता येत नाही आणि कर व व्याजावर २५ टक्के जादा रक्कम मोजावी लागते. मागच्या वर्षांतही असेच रिफंड खाल्ले असतील तर तो हिशेब आणखी जड आहे: निर्धारण वर्ष २०२४-२५ साठी ३१ मार्च २०२६ पर्यंत २५ टक्के, २०२३-२४ साठी ५० आणि २०२२-२३ साठी ६० टक्के. खात्याने त्या वर्षाची चौकशी आधी सुरू केली तर हा दरवाजाही बंद. ‘सगळ्या स्टाफनेच केलंय’ म्हणून निर्धास्त असणाऱ्यांना एवढंच सांगतो की, एकाच शाळेतून, एकाच कारखान्यातून, एकाच पोलीस ठाण्यातून एकसारख्या वजावटी आल्या की शोध सोपा होतो.

ज्यांचे कागद खरे आहेत त्यांनी मात्र कुणाच्या सांगण्यावरून घाबरून एकही वजावट काढू नये. भाड्याच्या पावत्या, विम्याचा हप्ता बँकेतून गेल्याची नोंद, देणगीचं प्रमाणपत्र जवळ ठेवा आणि ठाम राहा. खात्याला तुमचं रिटर्न प्रोसेस करायला कायद्याने ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे. तोवर वाट पाहावी लागू शकते. वेळेत रिटर्न भरलं असेल तर १ एप्रिल २०२५ पासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं, म्हणजे ४०,००० च्या रिफंडावर महिन्याला २०० रुपये. रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर तेही नाही. मुलीच्या फीसाठी त्या पैशांवर विसंबलेल्या माणसाला या २०० रुपयांनी काय होणार? चोरांमुळे प्रामाणिक माणूस रांगेत उभा आहे याचा मला संताप येतो. कोणती वजावट खटकली हे खात्यानेही अशा करदात्याला स्पष्ट शब्दांत कळवलं पाहिजे. नुसतं ‘अंडर प्रोसेसिंग’ दाखवून महिनोन्‌महिने ताटकळत ठेवणं अन्याय आहे.

याच ताटकळण्याचा फायदा घेणारे दुसरे चोरही फिरताहेत. ‘तुमचा रिफंड मंजूर, लिंकवर क्लिक करा’ असा मेसेज आला तर हात लावू नका. रिफंड थेट व्हॅलिडेट केलेल्या खात्यात येतो. त्यासाठी आयकर खातं कार्ड नंबर, पिन किंवा ओटीपी कधीही मागत नाही.

आता आपल्या तालुक्यातल्या रिफंड एजंटांना. तुमची दुकानं मला माहीत आहेत, तुम्हालाही मी माहीत आहे. १५ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत प्रत्येक करदात्याला त्याच्या रिटर्नची प्रत, पोर्टलचा पासवर्ड आणि घेतलेलं कमिशन परत करा. त्यांच्या प्रोफाइलमधले तुमचे ईमेल आणि मोबाइल नंबर काढून टाका. नाहीतर १६ तारखेला, ज्यांनी मला लेखी दिलं आहे त्यांच्या सह्यांची तक्रार रिटर्नच्या प्रतींसह आयकर खात्याच्या अन्वेषण विभागाकडे जाईल. तडजोडीसाठी कुणाला मध्ये घालू नका.

करदात्यांपैकी ज्यांना दुरुस्तीसाठी माझी मदत हवी आहे त्यांनी सोळा नंबर फॉर्म, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन २६ डिसेंबरपर्यंत यावं. शेवटच्या दिवसांत पोर्टलवर गर्दी उसळते, त्यामुळे २६ तारखेनंतर मी नवं काम घेणार नाही. आणि एखादी वजावट खोटी आहे हे कळूनही ‘राहू द्या, बघू पुढे’ म्हणणाऱ्याचं रिटर्न माझ्या हातून यंदाही भरलं जाणार नाही आणि पुढच्या वर्षीही नाही.